शिडाच्या बोटीचा इन्व्हर्टर

आमच्या दुकानात दोन गोष्टी साठतात. मेलेल्या बॅटऱ्या आणि किस्से. बॅटऱ्या भंगारवाला टेम्पो लावून घेऊन जातो. किस्से कोणी उचलत नाही. ते कोपऱ्यात पडून राहतात आणि कुणी चहाला टेकलं की पायात येतात.

दुकान मुलुंड पश्चिमेला. आम्ही तिघं. मी सुषमा, दुकान माझं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या शिव्या खायचा मान माझा. मिलिंद भांडुपचा, हातात मीटर आला की जेवायचं विसरतो. आणि बाबल, मूळचा मालवणकडचा, वायरिंगवाला. त्याला कुठलीही नवीन गोष्ट आधी पटत नाही, आणि पटली की तीच तो अख्ख्या गल्लीला पटवत फिरतो. कामं म्हणाल तर घरचे इन्व्हर्टर, लिफ्टचे बॅकअप, एखादा दवाखाना. पण हल्ली ओळखीचं कोणी भेटलं की एकच विचारतं, त्या बोटीचं काय झालं?

तर बोटीचं असं झालं.

* * *

प्रधान काका आमचं जुनं गिऱ्हाईक. कुसुम काकूंना झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, म्हणून रात्री नाकाला मास्क लावून मशीनवर झोपावं लागतं. डॉक्टरांनी बजावलंय, मशीनशिवाय एकही रात्र झोपायचं नाही. त्यामुळे त्यांच्या घरी इन्व्हर्टर आमचाच. एक दिवस काका आले आणि म्हणाले, अजून एक बसवायचाय.

मी नेहमीचे प्रश्न सुरू केले. पंखे किती? दोन, छोटे. ट्यूब? नाही. फ्रिज? एक, तोही छोटा. सोलर लावू या म्हणाले, म्हणून मी विचारलं, गच्ची दक्षिणेला आहे का?

काका जरा विचारात पडले. "भरती असेल तर उत्तरेला असते. ओहोटीला दक्षिणेला येते."

मिलिंदने मीटर खाली ठेवला. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तेव्हा कुठे कळलं, की काकांनी रिटायर झाल्यावर एक सेकंडहँड शिडाची बोट घेतलीये, ती गोराईच्या खाडीत नांगरलेली असते, आणि नांगराला बांधलेली बोट पाण्याबरोबर फिरत राहते. आमच्या धंद्यात फिरती गच्ची पहिल्यांदाच आली. मी तर तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. मला काही येत होतं म्हणून नाही, मला बघायचं होतं म्हणून.

* * *

बोटीचं नाव 'कुसुम'. आणि काकू त्या बोटीवर एकदाही राहिल्या नव्हत्या.

कारण मी काकूंनाच विचारलं. मला चौकशा करायची खोड आहे, ती काही जात नाही. तर बोटीवर होत्या ट्रकच्या दोन जुन्या बॅटऱ्या. त्या चार्ज करायला रोज संध्याकाळी इंजिन धडधडत ठेवायचं. केबिनभर डिझेलचा वास. आणि एवढं करून त्या बॅटऱ्यांवर काकूंचं मशीन मध्यरात्रीच मान टाकणार. काका सकाळी बोट काढायचे आणि संध्याकाळी मुकाट्याने घरी यायचे. काकूंना सोडून रात्रीचं कुठे जायचं नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलेलं.

त्यांच्या मनात एकच होतं. काकूंना त्यांच्या माहेरी, देवगडला, या बोटीने न्यायचं.

"मला समुद्र नाही गं लागत, डिझेल लागतं," काकू म्हणाल्या. "आमच्या वडिलांचा मचवा होता. कौलं घेऊन मुंबईपर्यंत यायचा. भाऊ सगळे जायचे. आम्ही मुली धक्क्यावर उभ्या राहून हात हलवायचो. बंदराच्या पुढे आम्हाला कोणी कधी नेलंच नाही."

हे त्यांनी भाजी निवडता निवडता सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं. मला मात्र त्या दिवसापासून ते काम नुसतं काम राहिलं नाही. दुकानात येऊन मी दोघांना सांगितलं, काकू रात्रभर मशीनवर झोपल्या पाहिजेत आणि इंजिनचा आवाज होता कामा नये. बाकी काय करायचं ते करा.

* * *

जुनं वायरिंग उपसायला आम्ही गोराईला गेलो. घरात कसं, लाल-काळं-हिरवं बघून माणूस काम करतो. इथे सगळ्याच वायरी काळ्या! बाबल पुढच्या टोकाला, मिलिंद मागच्या, मी मधे झाकणं उघडत बसलेली. एक वायर पत्ताच देईना. पायऱ्यांजवळच्या एका बटणापासून निघायची, लाकडाच्या मागे जायची आणि गायब.

काका म्हणाले, त्या वायरला हात नका लावू हं, तो तळातलं पाणी उपसायच्या पंपाचा स्विच आहे. रोज निघायच्या आधी मी दाबतो.

बाबलने आडवं होऊन, खांद्यापर्यंत हात घालून वायरचं दुसरं टोक शोधून काढलं. त्या टोकाला घराच्या दाराला लावतात ती बेल होती. किंवा एके काळी असावी. आता नुसती गंजलेली वाटी उरली होती. आधीच्या मालकाने समुद्रात दाराची बेल कशाला लावली होती, याचा मी आजही विचार करते. कोण येणार होतं?

काकांनी ते बटण एकदा दाबून बघितलं. इतकी वर्षं ते रोज सकाळी बेल वाजवून निघत होते, आणि दार कोणीच उघडत नव्हतं.

* * *

आता मशीन रात्रभरात नक्की किती वीज खातं, हे कळल्याशिवाय बॅटरी किती मोठी घ्यायची ते कसं ठरवणार? मिलिंद म्हणाला, डब्यावर लिहिलेलं असतं त्यावर माझा विश्वास नाही, मला माणूस झोपलेला पाहिजे.

काकूंना मी भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, त्यात काय, दुपारी जेवून येते. आणि खरंच आल्या. उशी, चादर, मशीन. आम्ही मागची बाकं जोडून दिली. मास्क लावला, मिलिंदने मधे मीटर जोडला, आणि थोड्या वेळात काकू गाढ झोपल्या.

त्या दुपारी दुकानात जो आला तो कुजबुजला. एका सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्ट बंद पडली म्हणून तावातावाने भांडायला आले. बाबलने त्यांना ओठांवर बोट ठेवून आत झोपलेल्या काकू दाखवल्या. ते बिचारे खुर्चीत बसले, राग दाबून धरला, आणि पंख्याच्या वाऱ्याने त्यांचाही डोळा लागला. घोरायला लागले ते मात्र मशीन न लावलेले सेक्रेटरी.

काकू उठल्यावर मिलिंद आकडे घेऊन चिंतेत. मशीन तसं कमी खात होतं, पण त्याच्यात हवा ओलसर करायचा एक छोटा हिटर असतो, तो त्याच्या कितीतरी पट जास्त खात होता. एवढी बॅटरी बोटीत बसायची कुठे?

काकूंनी केस सारखे केले. "अरे, समुद्रावर हवा ओली करायला हिटर कशाला पाहिजे?"

मिलिंदने हिटरवर काट मारली. बॅटरी एकदम आटोक्यात आली.

* * *

नवीन लिथियमची बॅटरी टेम्पोत घालून घोडबंदर रोडने गोराईला नेली. बाबलने ती एकट्याने उचलली आणि तिथेच त्याचा विश्वास उडाला. "इतकी हलकी? आत काय आसा की नाय?" जेट्टीपर्यंत ती कानाशी धरून हलवून बघत होता.

बसवली. छतावर सोलर लावला. आम्ही खाली उतरून लांबून बघतो तर बोट एका अंगाला कललेली! जुन्या शिशाच्या बॅटऱ्या सगळ्या डाव्या बाजूला होत्या. त्या काढल्या आणि बोटीचा तोलच गेला. काका घामाघूम. शिसं परत आणायचं की काय, यावर आमची तिघांची वादावादी.

काकांनी घरी फोन लावला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे तिथे जागा झालीये ना? दुसऱ्या दिवशी त्या जागेत तांदळाची गोण, कुळीथ, आमसुलं आणि लोणच्याच्या बरण्या आल्या. बोट सरळ झाली.

सामान आलं म्हणजे काकू येणार, असं मी मनाशी धरून टाकलं.

* * *

आणि मग कंपासने आमची वाट लावली.

दिवाळीच्या सुमारास काका खाडीबाहेर एक चक्कर मारून आले, तोंड उतरलेलं. म्हणे कंपास चुकीचं दाखवतोय. मी उत्तरेला जातोय आणि तो मला भलतीकडे नेतोय. असल्या कंपासवर मी हिला घेऊन निघणार नाही.

मिलिंदने डोक्याला हात लावला. जाड वायरीतून करंट गेला की कंपासची सुई हलते, हे त्याने वाचलेलं होतं. मग त्याने कंपासजवळच्या वायरी काढल्या, एकमेकींना पीळ घालून परत टाकल्या. सुई तिथेच. लांबून फिरवल्या. सुई तिथेच. शेवटी अख्ख्या बोटीचा मेन स्विच बंद केला. सगळं मेलेलं, तरी सुई आपली वाकडीच! बाबल म्हणाला, बॅटरीच बाधलीये, मी पहिल्यापासून सांगत होतो.

मला रडू यायचं बाकी होतं. इतक्या महिन्यांचं काम, आणि काकू धक्क्यावरच राहणार, कारण आम्ही.

शेवटी काकू स्वतः आल्या, काय चाललंय ते बघायला. नवीन वायरिंग झाल्यापासून बोटीवर पहिल्यांदा. सोबत जास्वंदीचं फूल आणलं होतं. कंपासच्या शेजारी बाबलने एक छोटा गणपती बसवला होता. आम्ही रिक्षाचं काम करू, टेम्पोचं करू की ॲम्ब्युलन्सचं, काम संपलं की बाबल तिथे गणपती बसवतोच. तो त्याचा रिवाज. काकूंनी पदराने पुसायला गणपती उचलला.

सुई गर्रकन फिरली.

काकूंनी गणपती परत ठेवला. सुई त्याच्याकडे वळली. उचलला, सुई उत्तरेला. गाडीच्या डॅशबोर्डला चिकटतो तसला गणपती तो, बुडाला हा एवढा लोहचुंबक!

मिलिंद त्या पीळ घातलेल्या वायरींकडे बघत होता. बाबल पुटपुटला, "मी काय वायट करूक नाय बसवलंय."

काकूंनी गणपती आत नेला आणि तांदळाच्या स्टीलच्या डब्याला चिकटवला. अजून तिथेच आहे.

* * *

दोघं निघाले. काकू बोटीवर चढताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही, उगाच वायरींची टोकं तपासत बसले, कारण डोळे भरून आले होते.

बोटीवर सिम कार्ड टाकलेलं एक यंत्र आहे, ते बॅटरीचा हिशेब मोबाइलवर पाठवतं. काकांनीच सांगितलं होतं, लक्ष ठेवा. आणि लक्ष म्हणजे काय! रोज सकाळी शटर उघडलं की आम्ही तिघं मिलिंदच्या मोबाइलवर डोकी घालून बसायचो. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि रात्री एखाद्या बंदरात नांगर टाकायचा, असा त्यांचा बेत होता. रात्रभर मशीनची एक सरळ बारीक रेघ दिसायची. म्हणजे काकू झोपल्या. पहाटे एक उंच टोक. विजेच्या शेगडीवर चहा. काकूंच्या चहाचं टोक छोटं, नेमकं. काका चहा करतात तेव्हा उकळी येऊन जाते, ते विसरतात, मग परत तापवतात. हे घरी बघितलेलं. पण चहा रोज काकूच करत होत्या, काकांच्या चहावर त्यांचा भरवसा नाही. एकदा दुपारी मिक्सर फिरला, तर बाबल म्हणाला, खोबऱ्याचं वाटण. मासे मिळाले वाटतं.

मग एका सकाळी मोबाइल उघडला, तर मशीनची रेघच नाही.

रात्रभर नाही. बोटीचे दिवे जळत होते तेवढीच वीज गेलेली. बॅटरी जवळजवळ भरलेली. मशीन चालूच झालं नव्हतं.

मिलिंदने मागे-पुढे करून बघितलं. मीटर बिघडला असेल म्हणाला, पण त्याच्या आवाजातच दम नव्हता. मी काकांना फोन लावला. वाजला आणि बंद झाला. काकूंना लावला. तेच. वायर सुटली असेल का? फ्यूज? तो सांधा मीच घट्ट केला होता. मशीनशिवाय एकही रात्र नाही, हे डॉक्टरांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं.

तेवढ्यात मोबाइलवर चहाचं टोक आलं. वर गेलं, खाली आलं, आणि परत वर गेलं.

"काकांचो चाय," बाबल म्हणाला, आणि बाकावर बसला.

आम्ही दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. गिऱ्हाईक आलं तर काय बोलणार होतो? मी परत लावला, परत लावला. मग माझाच फोन वाजला. काकूंचा नंबर. पलीकडे काका असतील आणि काय सांगतील, या भीतीतच उचलला.

"अगं किती फोन!" पलीकडे काकूच होत्या, मागे वारा. "हात मोकळा कुठे होता माझा?"

काकू, मशीन बंद पडलं का, झोपलात कशा, मी एका दमात विचारलं.

"मशीनला काय धाड भरलीये? मी झोपलेच नाही. रात्री वारा छान सुटला, तुझ्या काकांना म्हटलं, आज नांगर नको, चालू देत. त्यांना डुलक्या यायला लागल्या, म्हणून सुकाणू घेतलं. ते बाजूलाच आडवे झाले, ते आत्ता उठलेत. तो बघ, देवगडचा दीपस्तंभ समोर आलाय. तुला कसा दिसणार म्हणा!"

मी म्हटलं, काकू, आम्ही इतके महिने मरमर केली, ती तुम्हाला बोटीवर झोपता यावं म्हणून.

"झोपायला मुलुंड आहे की गं," काकू म्हणाल्या, आणि काकांना ओरडून सांगितलं, चहा परत उकळू नका.