वाघ्याची टेकडी

वाघ्याची नजर गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी त्याला टेकडीवर नेणं बंद केलं. संध्याकाळी आमच्या दुसऱ्या कुत्रीला, चिंगीला घेऊन निघालो, की तो दारात येऊन उभा राहायचा. परवा तर वाटेतून हलेचना. बायको म्हणाली, "अहो, न्या की त्यालाही. नाही जमलं तर अर्ध्यातून परत या."

पायथ्याशी मी त्याची साखळी आखडून धरली. पण थोड्याच वेळात लक्षात आलं, की ओढला जातोय तो मीच. थंडीने कडक झालेलं गवत हुंगत, मोठ्या खडकाला अचूक वळसा घालून वाघ्या भराभर चढत होता. चिंगी मुकाट्याने त्याच्या मागे. समोरून उतरणारे एक आजोबा म्हणाले, "म्हातारा जोरात आहे."

"दिसत नाही हो त्याला."

"त्याचं काही अडलेलं दिसत नाही," असं म्हणून ते पुढे गेले.

खरंच होतं ते. नऊ वर्षं रोज चढलेली वाट त्याच्या पायांत मुरली होती. अंधारात जिन्याची शेवटची पायरी आपल्यालाही अशीच कळते. मन लावून केलेलं काहीतरी अंगात उरतं, आणि डोळे थकले की तेच पुढे होऊन वाट दाखवतं.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. वाघ्याने उबेकडे तोंड केलं आणि ऐटीत बसला. खाली दिवे लागले, वारा बोचू लागला, तरी तो उठेना.

"बस," मी म्हटलं. "तू म्हणशील तेव्हा उतरू."