लोन पेअरचं स्पेलिंग

अकरावीला रेणूंचे आकार शिकवायची वेळ आली की मी कल्याणच्या बाजारातून फुग्यांचं पाकीट आणते. दोन फुगे गाठीपाशी बांधले की एकमेकांकडे पाठ करून सरळ रेषेत राहतात. तीन बांधले की त्रिकोण होतो. चार बांधायला घेतले की मुलं म्हणतात आता अधिकचं चिन्ह होणार, आणि ते होत नाही. एक फुगा वर जातो आणि तीन खाली तिरके पसरतात, कारण जागा काही फक्त टेबलावर नसते, वरखालीही असते. इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचं असंच आहे. सगळ्या ऋणभारित, एकीला दुसरीचा शेजार नको. मधल्या अणूभोवती प्रत्येक जोडी जमेल तितकी लांब सरकते, आणि या सरकासरकीतून रेणूला आकार येतो.

अमोनियातही जोड्या चारच, पण त्यातल्या एकीच्या दुसऱ्या टोकाला अणू नसतो. ती लोन पेअर. पलीकडून ओढणारं कुणी नसल्यामुळे ती मधल्या अणूजवळ ऐसपैस पसरते आणि बाकीच्या तिघींना रेटून जवळ आणते. पाण्यात अशा दोन असतात, म्हणून पाण्याचा रेणू आणखी वाकलेला. आकाराला नाव देताना मात्र या जोडीला धरायचं नाही, फक्त अणू कुठे आहेत ते पाहायचं. इथवर आले की माझा आवाज जरा चढतो, आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघतात.

मी विठ्ठलवाडीला वाढले, दहावीपर्यंत मराठी शाळेत. आमच्या पुस्तकात या जोडीला एकाकी जोडी म्हणत असतील, पण तिथवर पोचायच्या आत मी इंग्रजीतल्या अकरावीत येऊन पडले. सरांनी फळ्यावर न लिहिता तोंडानेच ‘लोन पेअर’ सांगितलं. लोन म्हटल्यावर आमच्या वस्तीत एकच अर्थ होता, आणि त्याचं स्पेलिंग बँकेच्या पाटीवर रोज दिसायचं. शिवाय अमोनिया ही जोडी हायड्रोजन आयनला देतो आणि अमोनियम तयार होतो, हे सरांनीच शिकवलं होतं. मी मनाशी म्हटलं, बरोबर आहे, उसनी देते म्हणून लोन. चाचणीच्या पेपरात मी एल-ओ-ए-एन लिहिलं. त्या वर्गात चुकायला एवढं डोकं दुसऱ्या कुणी लावलं नसेल, असं मला अजूनही वाटतं.

सरांनी मला उभं केलं आणि ते वाक्य वाचून दाखवलं. “कोणत्या बँकेचं घेतलंस, बाई?” म्हणाले. वर्गात हशा फुटला. त्या दिवसापासून बारावी संपेपर्यंत माझं नाव लोन. हजेरीलाही सर नंबर घेत, आणि माझा नंबर आला की हसत. “ए लोन, हप्ता भरला काय?” हे पोरांचं चालूच असायचं. मी हात वर करणं सोडलं. मोलची गणितं अडली तरी विचारलं नाही. मला या विषयाची मनापासून आवड होती आणि त्यांनी ती माझ्या घशातच दाबून टाकली. पुढे बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, ते निम्मं त्यांच्यावरच्या रागाने. राग चांगला टिकाऊ निघाला.

आता कल्याणात माझा स्वतःचा क्लास आहे. गेल्या वर्षी मुलं वाढली आणि एकटीला केमिस्ट्री झेपेना. कुणीतरी शिक्षक हवा म्हणून सांगून ठेवलं, तर फोन आला तो अकरावीच्या त्याच सरांचा. निवृत्त झालेले, ठाण्यात कोलशेतला मुलाच्या टॉवरमधल्या फ्लॅटवर राहतात. आवाज मी पहिल्या वाक्याला ओळखला. त्यांनी मला ओळखायचं कारणच नव्हतं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, आणि आता तर आडनावही बदललेलं. मी गोड आवाजात म्हणाले, “सर, आमच्याकडे आधी डेमो द्यावा लागतो. विषय, शेप्स ऑफ मॉलिक्यूल्स.”

नवीन शिक्षकाचा डेमो असला की मालकाने शेवटच्या बाकावर बसायचं, ही क्लासवाल्यांची रीत. मी बसले. प्रश्न तयारच होता. क्लोरीन ट्रायफ्लोराइडमध्ये पाच जोड्या, त्यातल्या दोन लोन. त्या कुठे बसतात, इथे भल्याभल्यांची दांडी उडते. भर वर्गात त्यांची उडवायची, म्हणून मी आठवडाभर वाट पाहत होते.

सर थकले होते, पण शिकवणं उत्तम. मान्य करताना माझा जीव जातो, पण उत्तम. मुलं माना डोलवत होती. मग त्यांनी फळ्यावर ‘लोन’ लिहिलं, इंग्रजीत, ई लावून, आणि खडू ठेवून वळले.

“माझ्याकडे एक मुलगी होती. विठ्ठलवाडीची, मराठी मीडियम. तिने पेपरात काय लिहावं? एल-ओ-ए-एन! मी विचारलं, कोणत्या बँकेचं घेतलंस, बाई?”

माझा वर्ग हसला. माझी मुलं, माझ्या छपराखाली, मला हसली.

“मग तिचं काय झालं, सर?” एका मुलीने विचारलं.

“गेली असेल कॉमर्सला. लागली असेल बँकेत!”

पुन्हा हशा. मी उठून प्रश्न टाकला. सरांनी क्षणभरही विचार केला नाही. लोन पेअर मधल्या पट्ट्यात बसणार, म्हणाले, तिथे जागा मोकळी. वरखाली बसवल्या तर प्रत्येकीला काटकोनात तीन शेजारी. आकार इंग्रजी टीसारखा. सगळं बरोबर. वर, “छान प्रश्न, मॅडम,” असंही म्हणाले. मला फळ्यावर डोकं आपटावंसं वाटलं.

नंतर केबिनमध्ये चहा मागवला. बाहेरून वर्गातली दोन मुलं डोकावून सांगून गेली, “मॅडम, सर भारी आहेत, फिक्स करा ना.”

“तो किस्सा नेहमी सांगता का?” मी विचारलं.

“दरवर्षी. हमखास हशा येतो.”

“आणि त्या मुलीला काय वाटत असेल?”

“अहो, गंमत होती ती. तिने कधी तक्रार केली नाही. तशी ती तोंडच उघडायची नाही वर्गात.”

ती मीच, हे शब्द माझ्या जिभेवर आले. वर्षानुवर्षं ते वाक्य मी आंघोळ करताना, भाजी चिरताना घोकलं होतं. पण समोर बघितलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. ते खूश झाले असते. डोळ्यांत पाणी आणलं असतं. आणि दुसऱ्या दिवसापासून किस्स्याला नवीन शेवट लागला असता, की तीच मुलगी आज कल्याणात स्वतःचा क्लास चालवते, माझी विद्यार्थिनी बरं का. माझी सगळी चिडचिड, सगळी मेहनत, त्यांच्या पदरात.

“सर, जमणार नाही,” मी म्हणाले. “माझ्याकडे मराठी शाळेतली मुलं जास्त आहेत. त्यांच्यावर हसणारा शिक्षक मला नको.”

त्यांचा कप बशीवर वाजला. “मॅडम, घरी दिवसभर कुणी बोलायला नसतं हो. पैशांचं राहू दे. नुसतं शिकवायला तरी येऊ द्या. तो किस्सा नाही सांगणार.”

“नाही, सर.”

मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं. मुलं नंतर माझ्यावर रुसली, आणि वर्षभर दोन्ही बॅचना केमिस्ट्री शिकवून माझा घसा बसला, तो भाग वेगळा.

दारात चपला घालताना ते थांबले आणि माझ्याकडे निरखून पाहू लागले. “प्रश्न फार नेमका होता तुमचा. तुम्ही अकरावी-बारावी कुठे केलीत?”

“ठाण्याला,” मी ठोकून दिलं. “आमचे सर फार चांगले होते.”

“वाटलंच,” ते म्हणाले, आणि कठडा धरून जिना उतरू लागले. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांच्याच वर्गातलं कुणी याच विषयात उभं राहिलं असेल तर ती मी, आणि हे त्यांना मरेपर्यंत कळू नये अशी माझी इच्छा आहे.