हडळीची मुखेडची ड्युटी

आमच्या हडळी दोन होत्या. एक सीनियर, एक ज्युनियर. दोघींचं काम एकच, रात्री पुरुषांच्या स्वप्नात शिरायचं, त्यांना भुलवायचं आणि त्यांचा जीव थोडाथोडा शोषून घ्यायचा. ही कल्पना काही आमची नव्हे. तसल्या बायांच्या विलायती चित्रकथा माझ्या धाकट्या बहिणीने मोबाइलवर वाचल्या होत्या. आपल्याकडची हडळ बिचारी चिंचेवर बसते आणि वाटेने जाणाऱ्याला धरते. स्वप्नात जायची तिला सवय नाही. आम्ही तिला ती ड्युटी लावली. शिंगं विलायती ठेवली, पाय मात्र आपले, उलटे. ज्युनियर लातूरच्या पोरींसारखी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर हिंडायची आणि स्कार्फमधून शिंगांची टोकं वर आलेली असायची.

बहीण नांदेडला आईबाबांकडे राहायची, मी लातूरला सासरी. गोष्ट ती रचायची आणि फोनवर बोलून पाठवायची. मी दुपारी घरातली माणसं आपापल्या कामाला गेली की टॅबवर चित्रं काढायची. चित्रकलेचा कोर्स केला तेव्हा शाळेत नोकरी लागेल असं वाटलं होतं. ती काही लागली नाही, आणि हाताला तर चैन पडत नाही. दर आठवड्याला एक भाग आमच्या पेजवर जायचा. नाव दोघींचंही नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून, असं मीच ठरवलं होतं.

गंमत अशी होती की ज्युनियरला कधीच यश यायचं नाही. लातूरच्या पुरुषांच्या स्वप्नात बाईला जागाच नसायची. क्लासच्या पोराच्या स्वप्नात शिरावं तर तिथे डॉक्टरकीची परीक्षा चालू, आणि दारावरचा मास्तर हिच्याकडेच हॉल तिकीट मागायचा. डाळमिलवाल्याच्या स्वप्नात गेली तर त्याने तिला तुरीच्या पोत्यात हात घालून ओल बघायला बसवलं. कंडक्टरच्या स्वप्नात सुट्टे नाहीत म्हणून खाली उतरवली. ती दमून परत आली की सीनियर चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, मार्च एंड आलाय, तुझ्या खात्यावर अजून एक जीव नाही. लोक खूप हसायचे. माझा नवरा डाळमिलमध्येच हिशेब बघतो, तोही हसला आणि मग म्हणाला, आमच्या मालकाला दाखवू नको.

हे सगळं सुरू कसं झालं ते मात्र हसण्यासारखं नाही. बहिणीचं लग्न मुखेडकडच्या एका शेतकरी घरात झालं होतं. पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिचा नवरा संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, तरी बोल लागला माझ्या बहिणीला. पांढऱ्या पायाची. ट्रॉलीवाल्याच्या पायांचा रंग कुणी बघितला नाही. ती नांदेडला परत आली आणि बरेच दिवस बोलेचना. मग एकदा फोनवर मला म्हणाली, "ताई, मी खरंच हडळ असते तर बरं झालं असतं. निदान आरोप तरी खरा ठरला असता." त्याच आठवड्यात तिने मला पहिली गोष्ट पाठवली.

तिला तसं न बोललेली एकच बाई होती, तिची सासू. ती म्हणायची, माझं लेकरू ट्रॉलीनं नेलं, पोरीला कामून बोलता. तिचा थोरला मुलगा शेती बघायचा, आणि हा धाकटा गेल्यापासून ती थोरल्याकडेच असायची. सणाला आमच्याकडे ज्वारीचं पीठ आणि तूर पाठवायची. म्हणून बहिणीसाठी लातूरचं एक स्थळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, मुखेडला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. कायद्याने विचारायची गरज नव्हती, पण रीत म्हणून एक गोष्ट असते.

स्थळ चांगलं होतं. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा मास्तर, पहिलं लग्न मोडलेलं, कमी बोलणारा. बहीण त्याला दोनदा चहाला भेटली. दुसऱ्या भेटीनंतर ती मला म्हणाली, हा माणूस ऐकून घेतो गं. तिच्या तोंडून इतकं कौतुक म्हणजे लई झालं.

बाबांनी मुखेडला फोन लावला. सासू म्हणाली, माझी ना न्हाई. पण तो येऊन राहिला. अमावस्या आली की सपनात येतो, ताटावर बसतो आन् जेवत न्हाई. तसाच उठून जातो.

झालं. आमच्याकडे यापुढे बोलायचं काही उरत नाही. गेलेला माणूस स्वप्नात आला म्हणजे त्याचं काही राहिलंय. तो उपाशी उठत असताना त्याच्या बायकोचं दुसरं लग्न लावायचं म्हणजे नव्या घरात त्याला पाट मांडून बसवण्यासारखं. बाबा रोज दोन पेपर वाचतात आणि टीव्हीवरच्या बुवांना शिव्या घालतात, पण तेही गप्प झाले. मास्तरांच्या आईला कुठून तरी कळलं. तिने निरोप धाडला, आधी त्याला शांत होऊ द्या, आम्हाला घाई नाही.

मग शांत करणं सुरू झालं. त्याच्या आवडीचं करून नैवेद्य दाखवला, जेवणं घातली, बाबा नदीवर जाऊन विधी करून आले. अमावस्या झाली की बाबा फोन करायचे आणि सासू तेच सांगायची. आला होता, बसला, जेवला न्हाई. मला त्या म्हातारीचा भयंकर राग यायचा. बहिणीला वेगळाच राग होता. ती म्हणायची, मी बायको होते ना त्याची, मग माझ्या स्वप्नात का येत नाही? मला का नाही सांगत काय पाहिजे ते?

मास्तर थांबले होते, पण माणूस किती दिवस थांबणार. त्यांच्या आईने दुसरीकडे मुली बघायला सुरुवात केल्याचं माझ्या नवऱ्याच्या कानावर आलं. मी बहिणीला सांगितलं. दोन दिवसांनी तिची गोष्ट आली. सीनियर ज्युनियरची बदली करते. लातूर बंद, मुखेड चालू. आणि पुरुष नव्हे, एका म्हातारीच्या स्वप्नात जायचं.

मी म्हटलं, हे हात दाखवून अवलक्षण आहे, मी काढणार नाही. ती म्हणाली, सासूकडे बटनाचा फोन आहे, तिला कुठून दिसणार. मी दोन दिवस कुरकुर केली आणि शेवटी काढलं. ज्युनियर मुखेडच्या एसटीतून उतरते, म्हातारीच्या स्वप्नात चुलीकडच्या दाराने शिरते. तिथे एक माणूस ताटासमोर बसलेला. मी तो पाठमोरा काढला, कारण मेहुण्यांचा चेहरा मला नीट आठवत नव्हता. लग्नातल्या फोटोत ते फुलांच्या जाड मुंडावळ्यांच्या आड होते. ज्युनियर विचारते, जेवत का नाही? तो म्हणतो, मला भूक लागत नाही आता, पण आई वाढायचं थांबत नाही. शेवटच्या चित्रात ज्युनियर त्याच्या शेजारी मांडी घालून त्याच्या वाटची भाकरी खाते. एकाही जीवाची कमाई न करता परत येते. त्या भागाला कुणी हसलं नाही. पेजवर काहींनी लिहिलं, यावेळी मजा नाही आली.

मुखेड केवढं, तिथली माणसं केवढी. थोरल्या सुनेच्या मोबाइलवर तो भाग पोचला आणि तिने सासूला दाखवला. नाव नव्हतं तरी ते ताट त्यांनी ओळखलं, आणि चित्रं काढणारी आमच्यात मीच. थोरल्या मुलाचा मला फोन आला. आईनं बोलावलंय, म्हणाला. जी चितारती तिला.

मी एसटीने गेले. रस्ताभर मनात उत्तरं जुळवत होते. बाजाराचा दिवस होता, घरातली सगळी बाजारात गेली होती. सासू एकटीच ओसरीवर सुपात तूर पाखडत बसली होती. तिने मला आधी पाणी दिलं, मग अंबाडीची भाजी आणि भाकरी वाढली. मी जेवेपर्यंत ती तूर पाखडत राहिली. मग म्हणाली, दाव.

मी टॅब काढला. तिने सगळी चित्रं बघितली. ज्युनियरकडे बघून म्हणाली, शिंगं कशाला लावली बिचारीला. मुलाच्या पाठीपाशी थांबली. खांदा असा न्हवता, उजवा खाली होता, पोती उचलून उचलून. मी तिथल्या तिथे खांदा खाली केला. मग म्हणाली, तोंड इकडं कर त्याचं.

मी नवीन पान घेतलं. भिंतीवर त्याचा फोटो होता तोही लग्नातलाच, मुंडावळ्यांच्या आडचा. ती सांगत गेली आणि मी काढत गेले. कपाळ मोठं. भुवया जाड. नाक... नाक मी काढलं, ती म्हणाली, असं न्हाई. परत काढलं, तेही न्हाई. मी विचारलं, मावशी, जरा बसकं होतं का? सासू माझ्याकडे बघत राहिली. सूप मांडीवरून खाली ठेवलं. तिला ते नाक आठवत नव्हतं. मला तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसलं आणि माझा इतक्या दिवसांचा राग कुठल्या कुठे गेला.

"तो येत न्हाई," ती म्हणाली. "एकदाबी आला न्हाई. समद्यांची मेलेली माणसं सपनात येतात, माझाच येत न्हाई."

मी विचारलं, मग तसं का सांगितलं? आवाज चढवला नाही. चढवता आलाही नसता.

"थोरल्याच्या तोंडात आता त्याचं नाव येत न्हाई. शेत एक झालं, बैलं एक झाली. पोरगी त्याची बायको म्हणून हाय तवर तो हाय. ती दुसऱ्याची झाली की तो कुणाचा राहिला?"

मावशी, ते नुसतं चित्र आहे, असं काहीतरी मी पुटपुटले. ती म्हणाली, चित्र हाय ते मला दिसतंय, मी काय येडी न्हाई. तरीपण तिने ज्युनियरचं पान परत काढायला लावलं आणि ती भाकरी खात असलेलं चित्र बराच वेळ बघितलं. मग कमरेचा फोन काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, तुज्या बापाला लाव.

मी नंबर लावून दिला. बाबांनी उचलला. म्हातारीचा फोन कानाला लावला तरी पलीकडचं सगळं बाहेर ऐकू येतं.

"दाजी, रातीच आला होता," ती म्हणाली. "जेवला. पोटभर जेवला. आता करा पोरीचं लगीन."

बाबांचा विश्वास बसेना. इतक्या अमावस्या गेल्या आणि आज मधेच कसा, असं काहीतरी ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, काय जेवला?

सासूने क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागली. भाकरी दुधात कुस्करली त्यानं. दोन खाल्ल्या. अंबाडीची भाजी परत मागितली, ठेचा नको म्हणला, त्याला तिखट सोसत न्हाई. हात धुतला आन् माज्या पदराला पुसला, लहानपणी पुसायचा तसाच. बाबांनी पुढे काही विचारलं नव्हतं, तरी ती बोलतच राहिली. बाजंवर टेकला थोडा वेळ. मी म्हणलं, झोप. तर म्हणला, न्हाई आई, जातो. तिचा चेहरा खुलला होता. कसा दिसत होता म्हणून विचारता का, ती फोनमध्ये म्हणाली. लई चांगला दिसत होता. नाक माज्यासारखंच की त्याचं.