मिल बंद आहे, असं एकदा म्हणा

परदेशीपुऱ्यातल्या भानुमतीबाईंना रडू म्हणून येत नसे, यायचा तो संताप. आणि त्या उन्हाळ्यात तर संतापाला सुट्टीच नव्हती. पोरीला, पूर्वाला, इंजिनीअरिंगला जागा मिळाली, आता फी आणायची कुठून? बंद मिलवाल्यांच्या मुलांची फी सरकार भरतं, असं पूर्वाने वाचनालयातल्या पेपरात वाचलं होतं. भरतं म्हणे! पण कुठल्या खिडकीवर, ते सांगेल तर शपथ. कॉलेजने कलेक्टर कचेरी दाखवली, कचेरीने श्रम विभाग, श्रम विभागाने पुन्हा कॉलेज. बाईंच्या चपलेचा अंगठा दोनदा शिवून झाला.

शेवटी तहसीलमधला बाबू म्हणाला, "माताजी, आदमी बेकार है, ये साबित करो."

आता यात साबित काय करायचं? दोन वर्षं भोंगा वाजला नव्हता. पण मिलच्या मालकांनी कुलूप लावलं तरी कुणाला कामावरून काढलं नव्हतं. आणि भानुमतीबाईंचे यजमान पांडुरंगराव रोज पाळीच्या वेळेला इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, डबा घेऊन गेटवर जात आणि चौकीदाराच्या वहीत हाजिरी लावून येत. सगळेच जुने कामगार जात. हाजिरी चुकली तर हक्क बुडेल, असं कुणीतरी म्हणालं होतं. कोण म्हणालं, ते मात्र कुणालाच आठवत नव्हतं. डबा ते गेटसमोरच्या लिंबाखाली खात आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येत. बाई रोज पोळ्या लाटत आणि रोज मनात चरफडत.

चौकशीला तहसीलचा माणूस घरी आला, तेव्हा बाई नळावर होत्या. पांडुरंगरावांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि छाती पुढे काढून सांगितलं, "मी मिलमध्ये आहे. विणाई खात्यात जॉबर."

झालं! माणसाने तेच लिहून नेलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अहो, कसली नोकरी? कुठली मिल? कबुतरं राहतात तिथे!"

"अगं, मला कुणी काढलंय का? मग खोटं कसं बोलू?"

"पोरगी घरी बसेल ना तुमच्या या खऱ्यापायी!"

पांडुरंगराव गप्प बसले. या गप्प बसण्यापुढे तर बाईंनी कधीच हात टेकले होते. चार शब्द उलट बोलला असता माणूस, तर भांडता तरी आलं असतं!

बाबू म्हणाला, बयान बदलायचं तर त्यांनाच समोर आणा. शनिवारी कॉलेजची मुदत संपत होती. शुक्रवारी बाईंनी नवऱ्याला जवळजवळ ओढतच नेलं. त्याही दिवशी ते आधी गेटवर हाजिरी लावून आले, शर्ट तोच. पूर्वा सोबत होती.

"हाँ भिया, क्या करते हो?" बाबूने मान वर न करता विचारलं.

पांडुरंगराव टेबलाकडे बघत राहिले. मागे रांगेत निम्मी परदेशीपुऱ्यातलीच माणसं होती. बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण बाईंनी दिलेलं चालणार नव्हतं.

"राहू द्या बाबा," पूर्वा हळूच म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

पांडुरंगरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग शर्टाचं वरचं बटण उगाच चाचपलं.

"कुछ नहीं करता, साहब. मिल बंद हो गई."

दोन वर्षं भानुमतीबाईंना नवऱ्याच्या तोंडून नेमकं हेच ऐकायचं होतं. आता ऐकवेना.

"जोर से बोलो," बाबू म्हणाला, "पंखे की आवाज है."

पांडुरंगरावांनी पुन्हा तोंड उघडलं, तशा बाई त्यांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. टेबलावर हात आपटून ओरडल्या, "एक बार बोल दिया ना उन्होंने! अब दुबारा नहीं बोलेंगे. लिखो!"