निलगिरीची शेवटची खेप

निलगिरी काय गॅलरीत लावायचं झाड आहे? सूनबाईला कोणी विचारलं असतं तर तिने तोंडावर सांगितलं असतं. पण विचारतंय कोण! सासरे जन्मभर बांधकामावर निलगिरीच्या वाशांचे टेकू लावत फिरले, आणि घरी बसल्यावर कुठूनसं वीतभर रोप आणून पिंपात खोचलं. "मेलेलीच हाताळली, आता एक जिवंत बघू दे," म्हणाले. बघता बघता शेंडा वरच्या गॅलरीला टेकला. मग म्हातारबा घसरले, खुब्याचं हाड मोडलं, खाट कायमची गॅलरीच्या दाराशी आली आणि झाड सूनबाईच्या गळ्यात पडलं.

प्यायचं तरी मेलं किती! घरचं पाणी भरून जीव मेटाकुटीला आला की वर त्याच्यासाठी आणखी एक खेप. नळ तळमजल्यावर, घर चौथ्यावर. नवरा लांबच्या ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. दिवसभर लॉन्ड्रीत उभ्याने इस्त्री करून तिचे पाय असे सुजायचे, की चप्पल काढायचाही कंटाळा यावा.

ऊन तापलं तसं तिने ठरवलं, पुरे. झाडाची खेप बंद. वाळलं की म्हणायचं, उन्हाने गेलं हो बाबा. मनाला खात होतं, नाही असं नाही. पण भरली बादली घेऊन जिना चढताना मनबिन काही उरत नाही, नुसते गुडघे उरतात.

आणि झाड वाळेल तर शपथ! उलट नवी पालवी फुटली. "चिवट कार्टं," ती पुटपुटली. वाळत चालले होते ते सासरे. ओठ फुटले, डोळे खोल गेले, बोलता बोलता भान सुटायचं. डॉक्टर म्हणाले, "यांच्या अंगात पाणीच नाही. असंच चाललं तर हातचे जातील."

सूनबाई उखडलीच. "अहो, उशाशी भरलेला तांब्या ठेवून जाते मी. संध्याकाळी रिकामा असतो!"

एक दिवस लॉन्ड्रीतली वीज गेली आणि ती दुपारीच घरी आली. दार ढकललं तर सासरे कुशीवर वळलेले, एका हाताने खाटेची कड धरलेली, दुसऱ्या हाताने तांब्या पिंपात ओतत होते.

"बाबा! वेड लागलंय का तुम्हाला?"

"राहिलंय थोडं. पितो ना." ते ओशाळून हसले.

"झाडाला पाणी हवं तर मला सांगायचं!"

"कसं सांगू, पोरी? इथे पडून जिना ऐकू येतो सगळा. शेवटच्या खेपेला तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बादली टेकवायचीस, दम खायचीस. मग ती खेपच थांबली. म्हटलं, दमलीय बिचारी, विसरली असेल. बरं झालं. आठवण कशाला करायची?"

विसरली! सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांची मान उचलून धरली आणि घोट घोट करत अख्खा पेला पाजला. मग बादली घेऊन खाली गेली.

भरली बादली घेऊन वर येताना पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्या मजल्याचं वळण आलं. ती थांबली नाही. वर कान लावून कोणीतरी पडलं होतं.