न बोलणाऱ्या राणीचं गाऱ्हाणं

मुंबईत मी आयुष्यात एकदाच बॅले पाहिला, आणि तोही अर्धा. अर्धा पाहिला हे मात्र मी बरीच वर्षं एका माणसाखेरीज कुणाला कळू दिलं नाही.

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं गेली असतील. मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो. आमच्या हेडक्लार्कना कुणी तरी पास दिला होता. त्यांना नाचाचा कंटाळा, म्हणून तो फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. रविवारी दुपारी जाऊन बसलो. रंगमंचावर एक राजकन्या, एक कोळी आणि निळी लुगडी नेसलेल्या बारा-चौदा बायका. त्या बायका म्हणजे समुद्र. कोणी अवाक्षर बोलत नव्हतं, तरी सगळं कळत होतं. तासाभराने राजकन्या लाटांत दिसेनाशी झाली, पडदा पडला, दिवे लागले, लोक उठले. मीही उठलो. बिचारी गेली, असं मनाशी म्हणत भेळ खाल्ली आणि खोलीवर येऊन झोपलो.

आमच्या कोकणातल्या दशावतारी नाटकाला मध्यंतर नसतं हो. एकदा सुरू झालं की सकाळी दहीहंडी फुटून दहीकाला होईपर्यंत ते थांबत नाही. त्यामुळे दिवे लागले म्हणजे संपलं, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी विचारलं, "दुसरा अंक कसा होता?" मी म्हणालो, "झकास."

त्याच वर्षी मला कावीळ झाली. महिन्याची रजा घेऊन बोटीने वेंगुर्ल्याला उतरलो आणि कुडाळच्या आतल्या अंगाला मामाच्या घरी पथ्याला येऊन पडलो. मामा दशावतारी कंपनीचा मालक. दिवाळी संपली की त्याच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कंपनीची माणसं जमायची. वेषांचा पेटारा बाहेर काढून त्याची पूजा व्हायची आणि मग येत्या हंगामाचं ठरायचं. कुठल्या गावच्या जत्रेला कुठलं आख्यान, जुनी कुठली, नवीन कुठली, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी.

त्या वर्षी राणीवर येऊन सगळं अडलं.

राणी म्हणजे काका, सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणायची. मामाच्या कंपनीत वीस-बावीस वर्षं बायकांची कामं करणारे, पन्नाशीला टेकलेले, एरवी भातशेती करणारे, मिशी कायमची गमावलेले गृहस्थ. पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि जाताना गळा घेऊन गेला. तोंडातून नुसती हवा यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, शिमग्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, बोललात तर आवाज कायमचा जाईल. नातवाची पाटी गळ्यात अडकवून ते पूजेला आले होते, आणि जे बोलायचं ते पेन्सिलीने लिहीत होते. राजाचं काम करणाऱ्याने त्यांची चौकशी केली, तर पाटीवर उत्तर आलं, 'तुझो आवाज जावक व्हयो होतो. लोक सुटले असते.'

मामा हसला, पण खालच्या मानेने. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. तोंडाला रंग लावता लावता गोष्ट ठरते आणि ज्याचं त्याने आयत्या वेळी बोलायचं असतं. तिथे गळा नसलेला नट म्हणजे पाय नसलेला बैल. मामा म्हणाला, "काय करूया, सांगा. देवगडाकडचो एक जण तयार आसा. निरोप धाडलो की येतलो. एकदा तेका घेतलो की हंगामभर तोच."

काकांनी पाटी पुसली. बावीस वर्षांत पेटारा त्यांच्याशिवाय गावाबाहेर पडला नव्हता.

इथे मी तोंड उघडलं. काविळीने डोळे पिवळे झाले होते, पण फुशारकीला काही झालं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, मुंबईत मी असा नाटक बघलंय, तेच्यात कोणच बोलणा नाय. बॅले म्हणतत तेका."

"कोणच नाय?"

"कोणच नाय. नुसतो नाच आणि हातवारे. लोक खुर्चेत डोळे पुसत होते."

राजा म्हणाला, "बोलूचा नाय तर नाटकात जावचा कित्याक? शेतात बुजगावण्यासारख्या उभ्या रवलेला काय वायट?"

पण मामा माझ्याकडे टक लावून बघत होता. मी राजकन्येची गोष्ट सांगितली. कोळी सांगितला, लाटा सांगितल्या, राजकन्या बुडाली इथवर रंगवून सांगितलं आणि थांबलो.

"मगे काय झाला?" मामाने विचारलं.

मग काय झालं ते मलाच कुठे माहीत होतं. पण काका पाटी छातीशी धरून ऐकत होते. मी म्हणालो, "मगे समुद्रान तिका परत दिल्यान."

"कशी?"

"नाचत."

मामाने विचार केला आणि निकाल दिला. हंगामाची पहिली जत्रा रेडीच्या बाजूच्या एका गावात होती. तिथे रात्रभर नेहमीचं जुनं आख्यान करायचं, त्यात राणीच नाही असं निवडून. मग उजाडताना, दहीकाल्याच्या आधी, माझं हे नवीन. लोकांनी मानलं तर काका हंगामभर पेटाऱ्याबरोबर. नाही मानलं तर तिथूनच देवगडला निरोप. "आणि बसवतलस तू," माझ्याकडे बोट दाखवून मामा म्हणाला.

मी आयुष्यात कधी गरबासुद्धा खेळलेलो नाही.

पुढचे आठ दिवस मी खळ्यात उभा राहून चार थोराड माणसांना समुद्र व्हायला शिकवत होतो. निळी लुगडी कुठली आणणार? मामीने दोन जुनी धोतरं कपड्यांच्या निळीत बुडवून दिली. ती चौघांनी चार टोकांना धरून हलवायची. ज्याने गणपतीचं सोंग घ्यायचं तो आणि एक राक्षस एका बाजूला, वेद पळवणारा संकासुर आणि दुसरा राक्षस दुसऱ्या बाजूला. संकासुर जोरात हलवायचा, गणपती आपल्या मानाप्रमाणे सावकाश. त्यामुळे आमचा समुद्र एका अंगाने खवळलेला आणि दुसऱ्या अंगाने निजलेला असे. शेजारी गवत कापणाऱ्या बायका विळे टाकून बघायला यायच्या आणि मामीला विचारायच्या, "वयनी, धोतरां सुकणत नाय काय?"

राजाला कोळी केला होता. तो तालमीत गप्प राहायचा, पण त्याचे ओठ हलत राहायचे. काका मात्र चकित करत होते. मी हात वर करा म्हटलं की ते असा हात वर करायचे की मीच विसरायचो पुढे काय सांगायचं होतं. फक्त रोज संध्याकाळी ते पाटीवर एकच शब्द लिहून मला दाखवायचे: 'शेवट?' मी रोज काही तरी सांगायचो. एकदा म्हणालो राजकन्या मासा होऊन येते, एकदा म्हणालो शिंपल्यातून येते, एकदा म्हणालो कोळी जाळं टाकून काढतो. काका माझ्याकडे जरा वेळ बघायचे आणि पाटी पुसायचे.

जत्रेचा दिवस आला. रात्रीचं आख्यान बरं झालं. पूर्वेला फटफटलं, गॅसबत्त्या फिक्या पडल्या. देवळापुढे लोक घोंगडी पांघरून पेंगत बसले होते. पुढच्या रांगेत गावचे मानकरी, खांद्यावर उपरणं, डोळे मिटलेले. मामाने मला पुढे ढकललं. "जा. न बोलणारा नाटक म्हणजे काय तां लोकांका सांग. नायतर म्हणतीत, नट विसारले."

मी बाकड्यापुढे उभा राहिलो. दशावतारात एक बाकडं असतं, तेच सिंहासन, तोच रथ, तोच डोंगर. त्या क्षणी मला ते फाशीचा चौथरा वाटलं. पाच-सहाशे माणसं. मनात तयार केलेलं कचेरीतलं शुद्ध मराठी भाषण साफ विसरलो. चारचौघांसमोर मोठ्याने बोलायची एकच तऱ्हा लहानपणापासून माझ्या कानात बसली होती, देवळातल्या गाऱ्हाण्याची, म्हणजे देवाला मागणं घालण्याची. मानकरी देवाला एकेक वाक्य घालणार आणि गाव प्रत्येक वाक्याला होकार देणार. तोंड उघडलं ते त्याच सुरात.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या जत्रेक ही कंपनी इली आसा."

पेंगलेल्या गावाने डोळे न उघडता म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मला धीर आला. इतकं एकमत मी मुंबईत कधी अनुभवलं नव्हतं. "तर म्हाराजा, आता जी राणी येतली, ती एक शबूद बोलूची नाय."

"व्हय म्हाराजा."

"तिका कोणी हसूचा नाय, कोणी नावां ठेवूची नाय."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण गाव जागं होत चाललं होतं, होकार मोठा होत चालला होता, आणि माझी जीभ माझ्या हातात राहिली नव्हती. "आणि म्हाराजा, फुडल्या वर्साक हीच कंपनी, हीच राणी, तुझ्या ह्याच जत्रेक हाडूची."

"व्हय म्हाराजा," गाव गरजलं.

पुढच्या रांगेत मानकऱ्यांचे डोळे उघडले.

गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराचा. पुढच्या वर्षी कुठली कंपनी आणायची हे सांगायचा मानही त्यांचाच. मी काविळीचा पाव्हणा, एका दमात दोन्ही मान खाऊन मोकळा झालो होतो. आत आलो तर मामाच्या तोंडावर रंग नव्हता, तरी ते पांढरं दिसत होतं. त्याने एवढीच शिवी दिली, "शिरा पडली तुझ्या तोंडार."

पखवाज सुरू झाला होता. आता मागे फिरायची सोय नव्हती.

काका आले. हिरवं लुगडं, नाकात नथ, केसांत अबोली. देवळापुढच्या मातीवर ते नुसते चालत गेले आणि माझ्या शेजारी उभा असलेला चहावाला कपात ओतायचं थांबला. कोळी आला. राजकन्येने त्याच्याकडे पाहिलं, मान वळवली, पुन्हा पाहिलं. शब्द नव्हता. मग समुद्र आला, निळीत बुडवलेला.

मागून एक दर्यावर्दी म्हातारा म्हणाला, "ही लाट खंयची रे? वाऱ्याच्या उलट इली."

शेजारच्या बाईने त्याला कोपराने ढोसलं. "नावां ठेवू नको. आताच व्हय म्हटलास."

राजकन्या धोतरांखाली गेली. कोळ्याने किनाऱ्यावर इकडून तिकडे धावायचं होतं, मुक्याने. दोन फेऱ्या त्याने मारल्या. तिसऱ्या फेरीला त्याचं काळीज भरून आलं, आणि वीस वर्षांची सवय बांध फोडून बाहेर पडली. "गे राणी, माका सोडून तू खंय—"

"गप रे मेल्या," चार-पाच कोपऱ्यांतून एकदम आलं. "बोलूचा नाय. आमी देवाक व्हय म्हटलाव."

राजा तोंड उघडं ठेवून थिजला. पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, मला तर मुळीच नाही. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा धोतराच्या मधोमध काका हळूहळू उभे राहत होते. ते कोळ्यापाशी आले आणि त्याच्या उघड्या तोंडावर त्यांनी आपला तळवा ठेवला. मग वळून त्यांनी संकासुराच्या आणि गणपतीच्या हातातून ती निळी धोतरं सोडवून घेतली, दोन्ही स्वतःच्या खांद्यावर पांघरली, आणि अख्खा समुद्र अंगावर घेऊन शांतपणे बाकड्यावर जाऊन बसले. माहेरून परत आलेली बाई ओसरीवर बसते तशा.

पखवाजवाल्यालाही कळलं की संपलं.

मग बायकांच्या बाजूने कुणी तरी नाक ओढलं, आणि मग सगळीकडून.

दहीकाला झाला. आम्ही पेटारा भरत होतो तेव्हा मानकरी आले. हातात नारळ होता, पण तो कशासाठी ते कळत नव्हतं. ते थेट माझ्यापुढे थांबले.

"गाऱ्हाणा घालूचो मान आमच्या घराण्याचो. तू कोण घालणारो?"

"चुकलंय," मी म्हणालो. इतकं खरं मी त्या महिन्यात दुसरं काही बोललो नव्हतो.

"चुकलस तां खराच. पण सगळ्या गावान देवळाफुडे व्हय म्हटल्यान. त्येंच्यात मीव होतंय, झोपेत." त्यांनी नारळ मामाच्या हातात दिला. पुढच्या वर्षीचं आमंत्रण ते. "ती राणी हाडा. आणि ह्येका हाडू नकात."

मामाने नारळ कपाळाला लावला आणि पेटाऱ्यावरच बसला. देवगडला निरोप गेला नाही. पुढची जत्रा विजयदुर्गाच्या वाटेवरच्या गावात होती, तिथे काका जाणार होते, त्यापुढच्याही सगळ्यांना.

बैलगाडीत पेटारा चढवून झाल्यावर काका माझ्याशेजारी येऊन बसले. नथ काढलेली, अबोली अजून केसांत. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, बराच वेळ काही तरी लिहिलं आणि दुसऱ्या कुणाला दिसणार नाही अशी माझ्याकडे वळवली.

'शेवट तुका म्हायत नव्हतो. मधीच उठान इललस मां?'

मी 'व्हय' अशी मान हलवली. काय करणार, देवळासमोर होतो.

काका बिनआवाजाचं, खांदे गदागदा हलवत हसले. मग त्यांनी पाटी पदराने स्वच्छ पुसली आणि गाडीवानाला, चल, अशी हाताने खूण केली.