काकांची डिश

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत सगळ्यांकडे केबल, फक्त शेजारच्या काकांकडे डिश. गॅलरीच्या कठड्याला बांधलेल्या त्या छत्रीसमोर कुणी टॉवेल वाळत घातला की ते ओरडतात, "अगो बाय, उपग्रहाची वाट अडवू नको!"

केबलवालाही चॅनेल आकाशातूनच घेतो, असं मी एकदा सांगून पाहिलं. "घेऊ दे. तो घेणार, मग वायरीतून घरोघरी वाटणार. माझ्याकडे डायरेक्ट येतं."

डायरेक्ट येतं, पण उशिरा येतं. मॅच असली की आधी चाळ ओरडते, आणि काकांचा बॉलर तेव्हा कुठे धावायला लागतो. मग काका ज्योतिष्यासारखे "हा गेला बघ" म्हणतात आणि विकेट पडली की बनियनला नसलेली कॉलर ताठ करतात.

परवा फायनलला मी त्यांच्याकडेच होतो. शेवटच्या बॉलवर आपल्याला सिक्स हवी होती. टीव्हीवर बॉलर अजून धावत होता आणि अख्खी चाळ एकदम गप्प झाली. काकांनी कान टवकारले आणि चटकन टीव्ही बंद केला.

"हरलो ना काका आपण?"

"ते केबलवाले हरले," काका म्हणाले. "आपल्याकडे बॉल अजून पडायचाय."